दोन मिनिटांचे सुतक

घण पडला की आधी दातांना कळे, मग कानांना. लोखंडावर लोखंड आदळल्याचा तो हादरा तळव्यांतून वर चढे, गुडघ्यांत क्षणभर अडखळे आणि जबड्यात फुटे. फोर्जिंगच्या त्या शेडमध्ये पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मी नकळत जीभ चावली. दिवसभर तोंडात खारट, गंजकी चव होती आणि केसांना जळक्या तेलाचा वास.

माझे खरे काम तिथे नव्हते. ते शिवाजी पेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत चाले. आमची लहानशी कंपनी कारखान्यांतल्या यंत्रांसाठी नियंत्रणाच्या पेट्या बनवी. त्या पेट्यांत आमचीच एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम असे, आणि तिच्या नेटवर्कचा भाग माझ्याकडे होता. शेडमधल्या हॅमरला, म्हणजे घण पाडणाऱ्या यंत्राला, आम्ही अशा दोन पेट्या लावल्या होत्या. एक हॅमरच्या खांबावर, दुसरी कारागिराच्या पायाखालच्या पॅडलला जोडलेली. कारागिराने पॅडल दाबले की खालच्या पेटीतून हुकूम निघे, तारेतून वरच्या पेटीत जाई आणि घण पडे.

दोन पेट्यांमधल्या या संभाषणाच्या प्रत्येक टोकाला सॉकेट म्हणतात. सॉकेटसाठी यंत्राच्या स्मृतीत एक खण राखलेला असतो, आणि त्या खणाला टायमर बांधलेले असतात. पलीकडचा गप्प बसला तर तो श्वास घेण्यापुरता थांबला आहे की मेला आहे, हे यंत्राला ओळखता येत नाही. माणसाला ते चेहऱ्यावरून कळते, कवितेत ते यतीच्या जागेवरून कळते. यंत्राला मात्र किती वेळ वाट पाहायची हे आधी सांगून ठेवावे लागते. तेवढा वेळ शांततेत गेला की टायमर वाजतो आणि यंत्र समजते, जोडणी तुटली. मी वृत्तांच्या मात्रा बोटांवर मोजत वाढलेली मुलगी. हे काम मला आवडे, कारण त्यात शांतता मोजायची होती.

हॅमरच्या मालकाने सुरुवातीलाच एक अट घातली होती. जोडणी मध्येच तुटली तर हॅमरने एक पूर्ण घण पाडायचा आणि मग वर जाऊन थांबायचे. अर्धवट घडलेला तापला नग डायमध्ये, म्हणजे लोखंडी साच्यात, थिजला तर डाय फुटते, म्हणून ही अट. मी ती पाळली. जोडणी तुटणे म्हणजे एक घण, असे मीच माझ्या हाताने लिहिले.

दुसरा एक टायमर जोडणी संपल्यावर सुरू होतो. मेलेल्या जोडणीच्या नावाने एखादा निरोप तारेत रेंगाळलेला असू शकतो. तो चुकून नव्या जोडणीच्या पदरात पडू नये म्हणून जुन्या जोडणीचा खण दोन मिनिटे कोणाला द्यायचा नसतो. दोन मिनिटांनी हा टायमर वाजतो, खण धुऊनपुसून मोकळा होतो, मग त्यात नवी जोडणी बसते. ऑफिसात आम्ही याला सुतक म्हणत असू.

शेडमध्ये मात्र एक रीत होती. धक्क्यांनी तार सैल व्हायची आणि पेटीवरचा हिरवा दिवा विझायचा. मग कारागीर तार खसकन उपसे, तिच्या टोकावर जोरात फुंकर मारी आणि पुन्हा खुपसून पेटीला एक चापट देई. दिवसातून चार-सहा वेळा तरी हे व्हायचे. प्रत्येक वेळी जोडणी मरायची, आणि दोन मिनिटे हॅमर कोणाचे ऐकायचा नाही.

हॅमर चालवणाऱ्यांत वडील होते ते मामा. त्यांना सगळेच मामा म्हणत. शाहूवाडीकडच्या गावातून मोटारसायकलवर यायचे. पन्नाशी ओलांडलेली, मनगटे उखळासारखी, आणि हातांवर ठिणग्यांनी पडलेले पांढरे ठिपके, जणू कोणी तांदूळ उधळले आहेत.

"पोरी, तुझ्या डबड्याला दोन मिन्टं कसला इचार पडतोय गं?" एकदा त्यांनी घामाचा टॉवेल पिळत विचारले.

"जुनी जोडणी पूर्ण संपेपर्यंत थांबावं लागतं, मामा. सुतक असतं तिचं."

"सुतक?" त्यांनी बाकीच्यांकडे वळून पाहिले. "ऐकलासा व्हय? आमच्या थोरल्या चुलत्याचं बी एवढं कुणी पाळलं न्हाय. हितं नग काळा पडाय लागलाय, आन् हिचं डबडं बसलंय दाढी वाढवून!"

सगळी शेड हसली. मीही हसले. मालक गडहिंग्लजकडचे, मला अक्का म्हणायचे. ते हसले नाहीत. "अक्का, दोन मिनटात माझी डाय जातीया. सुतकबितक बंद कर की."

मी बंद केले. एका दुपारी, खाली गिरणीत ज्वारी भरडली जात असताना, पायाखालची फरशी थरथरत असताना, मी प्रोग्रामच्या चार ओळी बदलल्या. नवी जोडणी आली की तिला लगेच जुन्याच खणात बसवायचे, वाट पाहायची नाही. सुतकच नाही म्हटल्यावर सुतकाचा टायमरही नसणार, असे मी धरून चालले. पण तो टायमर त्या चार ओळींत सुरू होतच नव्हता. तो जोडणी मरते त्या क्षणी, दुसऱ्याच जागी सुरू होत होता, आणि त्याला बंद करणारी ओळ मी लिहिलीच नव्हती.

म्हणून पुढे असे होऊ लागले. तार उपसली की जुनी जोडणी मरे, अटीचा एक घण पडे आणि तिचा टायमर चालू होई. तार खुपसली की नवी जोडणी त्याच खणात येऊन बसे. दोन मिनिटांनी मेलेलीच्या नावाचा टायमर वाजे आणि खण धुऊन टाकी, आत कोण बसले आहे हे न बघता. हॅमरला वाटे जोडणी तुटली. तो एक घण पाडी. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तिसरी जोडणी बांधली जाई आणि काम पुढे सुरू. धडाधड पडणाऱ्या घणांमध्ये तो एक जास्तीचा घण कोणाला ऐकू येत नव्हता.

मामांना आला.

ओळी बदलून काही आठवडे झाले असतील. मी दुसऱ्या हॅमरची मापे घ्यायला गेले होते. जेवणाची सुट्टी होती. मामा भट्टीपासून लांब, भिंतीला टेकून भाकरी-झुणका खात होते. त्यांनी मला हाताने खुणावले.

"बस. एक सांगतो. ह्यातला एक घण माझा न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे मी पाडत न्हाय. आपणहून पडतोय. तार हलीवली की जरा येळानं एक पडतोय. माझ्या पायाला ठावं हाय मी किती पाडलं ते."

मी लॅपटॉप उघडला, पेटीतला लॉग, म्हणजे नोंदींची यादी, त्यांच्यासमोर धरला. आकडे सरळ होते, पॅडलचा प्रत्येक हुकूम ओळीने मांडलेला. मी पॅडलचे हुकूम मोजत होते, घण मोजत नव्हते, हे मला तेव्हा दिसले नाही.

"सगळं बरोबर आहे, मामा. यंत्र खोटं बोलत नाही."

"मी कुठं म्हणतोय खोटं बोलतंय? जादा बोलतंय, एवढंच म्हणतोय."

शेजारी बसलेला एक जण म्हणाला, "मामास्नी आता कानात बी घण ऐकू याया लागल्यात. निवृत्ती घ्या, मामा." मामांनी त्याच्या दिशेने कांद्याची फोड भिरकावली. मी लॅपटॉप मिटला. कानाच्या बाबतीत मला गर्व होता. ओळीत एक मात्रा कमी पडली तर मला झोप लागत नसे. आणि ज्या माणसाला खरोखर ऐकू आले होते त्याला मी आकडे दाखवून गप्प केले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी अपघात झाला तेव्हा मी तीन पावलांवर होते. दुसऱ्या हॅमरच्या खांबाला पेटी बांधत होते, तोंडात दोन स्क्रू धरलेले. हिरवा दिवा विझला असणार, कारण मामांनी तार उपसून फुंकर मारल्याचे आणि चापटीचे आवाज मी ऐकले. नंतर काही घण पडले. मग ते थांबले. डायच्या खोबणीत जळालेल्या लोखंडाची पपडी साचली होती. मामांनी सांडस बाजूला ठेवली आणि ती खरवडायला उजवा हात आत घातला. अशा वेळी वरच्या हॅमरला लोखंडी टेकू लावायचा नियम होता. टेकू भिंतीशी उभा होता. तो उचलायला दोन माणसे लागत, आणि हाताचे काम क्षणाचे होते.

घण पडला. लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज या वेळी आला नाही. ओल्या, मऊ वस्तूवर काहीतरी बसावे तसा आवाज आला, आणि त्यात एक बारीक कट्‌ असा तुकडा होता, जो मला आजही सुपारी कातरताना ऐकू येतो.

मामा ओरडले नाहीत. त्यांनी हात मागे घेतला, आणि हात जिथे संपायला हवा होता त्याच्या बराच आधी संपला. रक्त आधी दिसले नाही. मग एकदम उसळून त्यांच्या छातीवर, डायवर, माझ्या पायावर आले. तापल्या डायवर पडलेले चुरचुरले आणि त्याचा वास उठला. तो वास मी लिहिणार नाही. कोणीतरी टॉवेल गुंडाळला, कोणी मनगटाला तार आवळली, कोणी आईवरून शिव्या देत टेम्पो मागे घेतला. मामा चालतच टेम्पोत चढले. चढताना मागे वळून एवढेच म्हणाले, "मी न्हाय पाडला."

टेम्पो गेल्यावर शेड पेटली. एकाने मिस्त्रीची, म्हणजे शेडवर देखरेख करणाऱ्याची, गचांडी धरून त्याला भट्टीकडे रेटत नेले. "टेकूला माणसं दे म्हटलं तवा काय म्हणालतास? बोल की, भडव्या!" दोघांनी त्याला सोडवले आणि सोडवताना त्यांनीच त्याला दोन ठेवून दिल्या. मग कोणीतरी ओरडले, "फोडा ते डबडं!" आठ किलोचा हातोडा घेऊन एक जण खांबावर धावला. पहिल्या तडाख्यात पेटीचा पत्रा वाकला, दुसऱ्यात झाकण उडाले, तिसऱ्यात आतली सर्किटची हिरवी पट्टी चुरली. तो थांबेना. रडत होता आणि मारत होता. एक कपची उडून माझ्या भुवईत घुसली. मी तिथेच उभी होते. त्या चुऱ्यात लॉग होता. त्या घणाच्या वेळी पॅडलचा हुकूम आला नव्हता, हे सांगणारी जगातली एकमेव नोंद त्या माणसाने मामांच्या प्रेमापोटी ठेचून काढली.

डॉक्टरांनी चार बोटे काढली. अंगठा राहिला.

दोन दिवसांत शेडची गोष्ट ठरली. मामांचाच पाय पॅडलवर पडला. टेकू लावला नव्हता, हात आत होता, वय झाले, आणि लॉग तर उरलाच नाही. मिस्त्रीने आणखी पुढे जाऊन सांगितले की त्या सकाळी मामांच्या तोंडाला वास होता. हे गावापर्यंत पोचायला दुसरी सकाळही लागली नाही.

मी दवाखान्यात गेले तेव्हा मामांचा हात छताच्या कडीला बांधून वर टांगलेला होता, पांढऱ्या गाठोड्यासारखा. मामी, त्यांची बायको, उशाशी उभ्या होत्या.

"दारू प्यालतो म्हणं मी," मामा म्हणाले. "भावकीतली येऊन बघून जात्यात. बघत्यात, आन् वास घेत्यात. बोटं गेली ती गेली गं. पर एवढी वरसं घण पाडला, आन् हात आत ठिवून सोताच पाय दीन व्हय मी?" मग डोळे मिटून, हळू आवाजात: "तुला सांगितलं हुतं की मी."

मामींनी माझ्याकडे पाहिले. त्यांना हे ठाऊक नव्हते.

मी ऑफिसात जाऊन माझेच लिहिलेले वाचायला बसले. सगळा दिवस गेला. सापडले तेव्हा ते इतके लहान होते की मला आधी राग आला, कोणाचा तरी, कोणाचाही. मी समोरचा पाण्याचा तांब्या उचलून भिंतीवर फेकला. ओळ लिहिलेली नव्हती. न लिहिलेल्या ओळीला आवाज नसतो.

सोमवारी औद्योगिक वसाहत बंद असते. त्या सोमवारी आम्ही चौघे शेडमध्ये उभे होतो: मालक, मिस्त्री, आमचे सर आणि मी. सर म्हणजे आमच्या कंपनीचे प्रमुख. मला हे काम त्यांनीच शिकवलेले. मी तशीच नवी पेटी लावली होती, आतले सगळे जुने ठेवून. हातमोज्यात शेजारच्या फाउंड्रीतली ओली वाळू ठासून भरली. पॅडल सगळ्यांपासून लांब, उंच खिळ्याला टांगले.

"आता काय, पूजा घालायची हाय?" मिस्त्री म्हणाला.

मी तार उपसली. अटीचा एक घण रिकाम्या डायवर पडला, हॅमर वर जाऊन थांबला, आणि मी सांडशीने हातमोजा डायमध्ये सरकवला. फुंकर मारली. खुपसली. हिरवा दिवा लागला.

"लागला की दिवा," मालक म्हणाले. "हॅमर गप हाय. झालं?"

"थांबा."

पहिले मिनिट त्यांनी पत्र्यावर बसलेल्या पारव्यांकडे बघण्यात घालवले. दुसऱ्यात मिस्त्री घड्याळ बघू लागला. मला माझ्या मानेतली शीर ऐकू येत होती, आणि मी ती मोजत होते.

घण पडला. वाळूचा फवारा आमच्या तोंडांवर आला, दातांत कचकचला. हातमोजा डायला चिकटून पापडासारखा पातळ झाला होता, बोटे पाचही दिशांना फाटलेली. पॅडल खिळ्यावर डुलतही नव्हते.

मालक दाराबाहेर जाऊन ओकले. परत आले आणि त्यांनी मिस्त्रीच्या कानाखाली वाजवली. "वास आलता न्हवं तुला तोंडाचा? आता घे वास!" मग माझ्याकडे वळले, हात उगारलेला होता, तो तसाच हवेत राहिला. "अक्का, तू खून केला असतास. माझ्या शेडात, माझ्या लोखंडानं." ती दोन वाक्ये खरी होती. मी मान हलवली.

सरांनी मला बाहेर नेले. त्यांचा आवाज शांत होता. "चूक आपली, हे लिहून देऊ. सहीने देऊ. पण तू मसुद्यात लिहिलंयस की त्यांनी तुला तीन आठवडे आधी सांगितलं होतं. ती ओळ काढ."

"का?"

"चूक वेगळी आणि कोणी सांगूनही न ऐकणं वेगळं. त्या ओळीनंतर तुला कोणी यंत्राला हात लावू देणार नाही. आणि ती काढली तरी त्यांची बाजू पूर्ण सुटते. त्यांचा पाय नव्हता, हे सिद्ध झालंच आहे ना?"

झाले होते. तेवढ्यावर मामांचा पाय सुटत होता. त्यांचा कान मात्र सुटत नव्हता. भावकीत, शेडमध्ये, ते कानात घण ऐकू येणारा म्हाताराच राहिले असते. मी सरांना म्हटले, ओळ राहील. ते म्हणाले, मग उद्यापासून येऊ नकोस. ते ओरडले असते तर बरे झाले असते.

तो कागद मी दवाखान्यात वाचून दाखवला. खोलीत मामांच्या भावकीतले चौघे आणि शेडमधले दोघे होते; पेटी फोडणारा त्यांतलाच एक. मी उभी राहून सावकाश वाचले. पाय पॅडलवर नव्हता. टेकू लावलेला नव्हता, हेही वाचले. मामांनी त्यावर फक्त हुंकार दिला. बिघाड माझ्या लिहिण्यातला होता. आणि जास्तीचा एक घण पडतो हे त्यांनी स्वतः मला तीन आठवडे आधी सांगितले होते. मी ते खोटे ठरवले.

शेवटचा शब्द संपला आणि मामींचा हात माझ्या कानशिलावर बसला. रापलेला, भात लावणारा हात. मी कॉटच्या दांड्यावर आदळले. डावा कान शिट्टीसारखा वाजू लागला. त्यांनी दुसऱ्यांदा हात उचलला.

"बास गं," मामा म्हणाले.

"बास कशाला? आणि दोन द्या की," पेटी फोडणारा म्हणाला. कोणी हसले नाही.

मामींनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी सहीवर बोट ठेवले. "ही तुझीच न्हवं?"

"हो."

"मग ह्याच्या आणिक काढून आण. गावात दारोदार द्यायच्या हैत. ज्यांनी ज्यांनी वास घेतला त्यांच्या दारात."

मी जिना उतरले. दवाखान्यासमोरच झेरॉक्सचे दुकान होते. पोलक्यावर भुवईच्या जखमेतून पुन्हा आलेले रक्त होते. दुकानदाराने ते पाहिले. किती, एवढेच विचारले. मी म्हटले, कागद संपेपर्यंत. यंत्राच्या काचेखालून तो प्रकाश पुन्हा पुन्हा सरकत राहिला आणि गरम कागद माझ्या हातावर येत राहिले, प्रत्येकावर माझी सही.

वर गेले तेव्हा मामींनी गठ्ठा घेतला. पेटी फोडणाऱ्याने एक ओढून काढला आणि खिडकीशी जाऊन मोठ्याने वाचू लागला, अडखळत, बोट ठेवून. 'त्यांनी स्वतः सांगितले होते' या शब्दांपाशी आला तेव्हा मामांनी टांगलेल्या हाताखालून मान वर केली.

"ते परत वाच."

त्याने परत वाचले. मामांनी भावकीतल्या चौघांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिले, मग माझ्याकडे.

"तू जा आता," ते म्हणाले. "आन् परत माझ्या म्होरं येऊ नगंस."

मी निघाले. दार लोटताना माझ्या उजव्या, शाबूत कानाला तो कागद तिसऱ्यांदा वाचला जात असलेला ऐकू येत होता, या वेळी पहिल्यापासून.